तीन मिलिमीटर आणि बादलीवाला

"हे कुणी पास केलं?"

आमचे घरमालक काका दिवसातून वीस-पंचवीस वेळा हा प्रश्न विचारायचे. इडलीला विचारायचे, नव्या फ्लायओव्हरला विचारायचे, लग्नपत्रिकेला विचारायचे. एकदा समोरच्या घरी बाळ झालं म्हणून आम्ही सगळे बघायला गेलो. काका पाळण्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. काकूंनी मागून शर्ट ओढला म्हणून बरं, नाहीतर त्या बाळंतिणीलाही उत्तर द्यावं लागलं असतं.

मी नागपूरची. नोकरीसाठी बंगळूरला आले आणि बनशंकरीत यांच्या वरच्या मजल्यावर साडेतीन वर्षं राहिले. काका एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात चौतीस वर्षं होते. तिथे काय बनायचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं की म्हणायचे, "पार्ट." कसले पार्ट? "पार्ट म्हणजे पार्ट. तुला कशाला?" लोकांच्या खिशात पेन असतं तिथे यांच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर असायचं, म्हणजे मिलिमीटरच्याही खालचं माप घेणारं ते स्टीलचं अवजार. ते इडलीला दोन बाजूंनी लावायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आकडा सांगायचे.

"अय्यो, साकु!" काकू आतून ओरडायच्या. साकु म्हणजे पुरे. काकूंचा जन्म बंगळूरचा, त्यामुळे त्यांना राग आला की तो कानडीतच यायचा.

रिटायर होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी हा माणूस रोज सकाळी सव्वासातला इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन उभा राहायचा. कारखान्याची बस त्या रस्त्यानं यायची केव्हाच बंद झाली होती. साडेसात वाजले की घड्याळ बघून, "आज पण लेट," असं म्हणत घरी यायचे आणि शर्ट काढून खुंटीला लावायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करून राहिले. छे! चेहरा पूर्ण गंभीर.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर गेम तपासायचे. आमचा गेम मोठा होता. त्यात तुम्ही एक वीर असता, आणि डोंगर, जंगलं, गावं, जादूगार, ड्रॅगन असं एक अख्खं राज्य तुमच्यासाठी मोकळं असतं. कुठेही जा, काहीही करा. गावातली शेकडो माणसं आपापली कामं करत असतात. एवढं मोठं जग बांधलं की त्यात चुका राहणारच. त्यांना आम्ही बग म्हणतो. ते शोधायचे, किरकोळ असतील तर आपणच दुरुस्त करायचे, मोठे असतील तर मीटिंगमध्ये मांडायचे, हे माझं काम. आठवड्यातले दोन दिवस घरून चालायचं.

तसंच एकदा घरून काम चालू असताना काका गळका नळ बघायला वर आले आणि माझ्या स्क्रीनपाशी थबकले. स्क्रीनवर सफरचंदं विकणारी एक बाई होती आणि तिचं डोकं पाठीच्या बाजूला होतं.

"हे कुणी पास केलं?"

पहिल्यांदाच तो प्रश्न योग्य ठिकाणी विचारला गेला. मी म्हटलं, "काका, असे हजारो आहेत."

"हजारो?" म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. नळ त्यानंतर दोन महिने गळत होता.

पुढच्या रविवारी त्यांच्या हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी तो गेम घालून दिला. चूक माझीच. वीराला कसं चालवायचं, तलवार कशी काढायची ते शिकवलं. तलवार त्यांनी कधी काढलीच नाही. राजाचा दूत यायचा, "वीरा, राज्य संकटात आहे, राजधानीला चल," असं विनवायचा. काका त्याला म्हणायचे, "स्वल्प थांब," म्हणजे जरा थांब. तो बिचारा सात महिने थांबला. बाकी लोक तासाभरात जे पहिलं गाव ओलांडून जातात, त्या गावातून काकांचा वीर बाहेर पडलाच नाही, कारण गावाची तपासणी पूर्ण झालेली नव्हती.

एका दुपारी गावावर ड्रॅगन आला. मी तिथेच बसले होते. घरं धडाधड पेटली, माणसं पळत सुटली. काका देवळाची पायरी मोजत होते.

काकूंनी दारातून बघितलं. "अहो, मागे जळतंय ते."

"जळू दे. या पायऱ्या सारख्या नाहीत."

"तो प्राणी तुमच्या अंगावर येतोय!"

"येऊ दे ना. त्याला मी नंतर बघतो, त्याचा पण डावा पंख लहान आहे."

वीर जळून गेला. काकांनी त्याला पुन्हा उठवला आणि पुन्हा त्याच पायरीशी नेऊन उभा केला.

प्रत्येक चुकीचा ते कागद करायचे. कारखान्यातून येताना आणलेली जुनी पॅडं होती त्यांच्याकडे, एकेका नोंदीच्या तीन प्रती निघायच्या. पांढरी त्यांची, पिवळी फाइलची, गुलाबी माझी. सकाळी दार उघडलं की गुलाबी कागद पायात यायचे. 'नोंद ११. पाव. हवेत आहे. टेबल द्या किंवा पाव खाली ठेवा.' 'नोंद २६. सफरचंदवाली. डोकं उलट. गिऱ्हाइकाशी बोलणं सभ्य. अन्य तक्रार नाही.' 'नोंद ४०. पहारेकरी पाऊस आला की आकाशात जातो. परत कधी येणार याचा खुलासा व्हावा.' खरं सांगते, यातल्या निम्म्या मी ऑफिसात स्वतःच्या नावावर खपवल्या. त्या वर्षी माझं फार कौतुक झालं, आणि मी निर्लज्जासारखं ते करून घेतलं.

पण पहिली नोंद होती बादलीवाल्याची. 'नोंद १. बादलीवाला. दिवसभर जागच्या जागी चालतो. डोक्यात बिघाड. नापास.'

हा बादलीवाला म्हणजे त्या गावातला एक म्हातारा. खेळात सकाळ झाली की तो झोपडीतून लाकडी बादली घेऊन निघायचा. विहिरीकडे जाताना एक भिंत होती, भिंतीशेजारी एक गाडा उभा होता. तिथे पोचला की अडकायचा. पाय चालायचे, माणूस पुढे सरकायचा नाही. संध्याकाळपर्यंत तसाच. मग वळून रिकामी बादली घेऊन घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विहीर तिथून दहा पावलांवर होती, पण गेम निघाल्यापासून तो तिथवर एकदाही गेला नव्हता.

जगभरचे खेळणारे याच्या प्रेमात होते. लोक मुद्दाम त्या गावात जाऊन त्याच्या पायाशी फुलं टाकायचे, त्याचा वाढदिवस करायचे, त्याच्या शेजारी उभं राहून आपला वीर पण तसाच जागच्या जागी चालवायचे. त्याचं चित्र असलेले टीशर्ट निघाले होते. मी पण एक घेतला होता. आमचा लीड, म्हणजे ज्याच्या हाताखाली मी होते तो, पुण्याचा होता. त्यानं मीटिंगमध्ये जाहीर केलं होतं, "गाइज, बादलीवाला इज अवर मॅस्कॉट. त्याला टच करायचं नाही. पॉइंट संपला." तसाही बादलीवाल्याच्या डोक्यातला रस्ता शोधायचा भाग बिघडलाय, दुरुस्त करायला महिने लागतील, असाच सगळ्यांचा समज होता.

काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी तो टीशर्ट घालून खाली गेले तर माझ्या छातीवरच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "किती दिवस झाले याला?"

"कशाला?"

"पाणी न मिळून."

"काका, तो खरा नाही आहे."

"खरा नाही म्हणून तहान नाही, असं कुठे लिहिलंय? दाखव."

मी वर जाऊन टीशर्ट बदलून आले.

नंतर एका सकाळी खालून हाका सुरू झाल्या. मी धावत गेले, वाटलं काकूंना काही झालं. काका स्क्रीनला नाक लावून, व्हर्नियरचे दोन्ही जबडे काचेवर टेकवून बसले होते. "लिही. बादली, कडीसकट, त्रेचाळीस. भिंत आणि गाडा यांच्यामधली वाट, चाळीस."

"स्क्रीनवर मोजून काय उपयोग, काका? स्क्रीन लहान-मोठा असतो."

"प्रमाण बदलत नाही. तीन मिलिमीटर जास्त आहे बादली. तो जाईल कसा?" त्यांनी व्हर्नियर मिटलं. "त्याच्या डोक्यात काही बिघाड नाही. माणूस बरोबर आहे गं. वाट चुकीची आहे."

आमच्या ऑफिसातली एवढी शिकलेली माणसं म्हाताऱ्याच्या मेंदूत शिरून बसली होती, आणि बाहेर एक गाडा जरा जास्त पुढे उभा होता. पण काका काही खूश दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दाराखाली गुलाबी कागद होता. 'नोंद १ मागे घेत आहे. चूक तपासणाऱ्याची.'

काकूंना तो वाचून दाखवला तर त्या पोळी लाटायच्या थांबल्या. "ह्यांनी मागे घेतलं? माझ्या आमटीबद्दल चाळीस वर्षांत एक शब्द मागे नाही घेतला यांनी!"

मी ते माप घेऊन मीटिंगमध्ये गेले. लीडनं ऐकून घेतलं, हसला, म्हणाला, "सुपर्ब कॅच आहे. पण मग तर अजिबातच सांगू नको कोणाला. इतकं सोपं आहे कळलं तर लोक म्हणतील, करा ना फिक्स. लीव्ह इट."

ते खाली येऊन सांगितलं. मला वाटलं काका चिडतील, मोठ्यानं तो प्रश्न विचारतील. पण ते कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले आणि माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"आमच्याकडे एक टर्नर होता. लेथवर काम करायचा. हात सोन्याचा. एकदा मी त्याचा अख्खा लॉट नापास केला. तो म्हणाला, सार, पुन्हा मोजा. मी म्हटलं, मापाचं गेज खोटं बोलत नाही. त्याचं प्रमोशन गेलं. चार महिन्यांनी कळलं, माझं गेज झिजलेलं होतं. पार्ट सगळे बरोबर होते."

"मग तुम्ही काय केलं?"

"गेज बदललं."

"आणि त्याला?"

"सांगतो उद्या, सांगतो उद्या म्हणता म्हणता मी रिटायर झालो. आधी गेज तपासायचं आणि मग पार्टला हात लावायचा, हे मी नवीन पोरांना चौतीस वर्षं शिकवलं. आणि या बादलीवाल्याला बघून पहिल्याच दिवशी काय लिहिलं? डोक्यात बिघाड. म्हणजे मी शिकलो काय?"

"कुठे असतात ते टर्नर आता?"

"येलहंक्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला," म्हणाले. "आता नुसतं कागदावर मागे घेऊन काय करू? याला पाणी मिळतंय का त्यानं?"

मला फार वाईट वाटलं. राग पण आला, त्यांचा आला, लीडचा आला, माझ्या त्या टीशर्टाचा आला. वर जाऊन मी एक भैताडपणा केला. त्या आठवड्यात किरकोळ दुरुस्त्यांची भलीमोठी यादी जायची होती. 'कोंबडीचा आवाज कमी केला' आणि 'मशालीची सावली सरळ केली' यांच्यामध्ये मी हळूच एक ओळ घातली, 'गाडा सरकवला'. एवढी लांब यादी कोण वाचतं?

शनिवारी सकाळी गेमच्या दुरुस्त्यांचा नवा भाग उतरला. काकांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. वीर गाड्याजवळ नेऊन उभा केला. खेळात उजाडलं. म्हातारा झोपडीतून निघाला. गाड्याशी आला. आणि तो गेला की हो! भिंत आणि गाडा यांच्यामधून बादली घेऊन सरळ निघून गेला. ती दहा पावलं चालला, विहिरीच्या काठाशी उभा राहिला आणि बादली खाली ठेवली. बादली विहिरीच्या दगडात अर्धी रुतली. साफ बग! काकांचा हात पॅडकडे गेला, तसाच मागे आला.

मग तो म्हातारा वळला आणि वीराकडे बघून इंग्रजीत, खरखरीत आवाजात बोलला, "पाणी आज गार आहे."

मी शपथेवर सांगते, त्या वाक्याची आम्हाला कोणाला कल्पना नव्हती. कोणीतरी कधीतरी ते लिहिलं असेल, एखादा नट माइकसमोर ते बोलून घरी गेला असेल. पण तो विहिरीवर पोचला तरच ते वाक्य सुरू होणार होतं आणि तो कधी पोचलाच नव्हता. त्यामुळे ते आजवर जगात कोणी ऐकलेलं नव्हतं.

काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "काय म्हणाला तो?"

"पाणी गार आहे म्हणतो." काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. पुसतच राहिले.

"मग बरं," म्हणून काकू आत गेल्या.

दोन दिवस सुखाचे गेले. मग जगभरातून बोंबाबोंब. आमचा बादलीवाला कुठे गेला? कोणी हलवला गाडा? लोक रडून राहिले होते, खरंच सांगते. लीडनं मला काचेच्या खोलीत नेऊन असं काही झापलं की त्याचं सगळं इंग्रजी संपलं आणि शुद्ध सदाशिव पेठ बाहेर आली. "तुम्हाला अक्कल नावाची गोष्ट आहे का हो?" म्हणाला. कंपनीनं जाहीर केलं की शुक्रवारी गाडा होता तिथे परत येईल.

मी घाबरतच काकांना सांगितलं. "शुक्रवारी आपोआप उतरेल, काका. मी काही करू शकत नाही."

"कुठून उतरेल?"

"इंटरनेटवरून."

"सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. उठले, कोपऱ्यात गेले आणि भिंतीतली वायर उपटली. नुसती उपटली नाही, कात्रीनं कापून तुकडा खिशात टाकला. काकूंची मालिका त्या वायरवर, माझं घरून काम त्या वायरवर. काकू कानडीत जे बोलल्या ते मला अजून कोणी मराठीत सांगायला तयार नाही. मला रोज एचएसआरपर्यंत बसमध्ये उभं राहून जावं लागलं. पण अख्ख्या जगात म्हातारा पुन्हा गाड्याशी अडकला तेव्हा एका बनशंकरीत तो रोज पाणी भरत होता.

त्याच्या पुढच्याच गुरुवारी काकू धापा टाकत वर आल्या. "अगं, हे बसमध्ये चढले!"

"कुठल्या?"

"अगं, स्टॉपवर रोज उभे राहतात ना! आज येलहंक्याचं काहीतरी विचारलं कंडक्टरला आणि चढले! खिशात गुलाबी कागद होता!"

संध्याकाळी परत आले. आम्ही दोघी दारातच. म्हणाले, "जेवायला वाढ." बस. मी आडून आडून विचारलं, काकूंनी समोरून विचारलं. तोंडातून अक्षर नाही. पण तेव्हापासून सकाळी सव्वासातला स्टॉपवर जाणं थांबलं.

मग माझी पुण्याला नोकरी लागली आणि मी बंगळूर सोडलं. निघताना पाया पडले तर काकांनी माझ्या सुटकेसचं चाक फिरवून बघितलं आणि विचारलं, "हे कुणी पास केलं?" हाच आशीर्वाद.

परवा काकूंचा फोन आला. म्हणाल्या, ते टर्नर आता दर गुरुवारी येतात. दोघं कॉम्प्युटर लावून त्या विहिरीवर बसतात. बादली दगडात किती रुतते यावर भांडतात, हे म्हणतात तीन मिलिमीटर, ते म्हणतात दोन. मी म्हटलं, "काकू, पण त्या दिवशी येलहंक्याला झालं काय? ते तर सांगा."

"मला त्या टर्नरनीच सांगितलं, ह्यांनी कुठलं सांगायला! हे दारात उभं राहून कागद वाचून दाखवायला लागले. गेज झिजलेलं होतं, चूक तपासणाऱ्याची, असं सगळं. तर ते म्हणाले, गोत्तित्तु सार. माहीत होतं मला."

"माहीत होतं?"

"त्यांनी तेव्हाच घरी नेऊन मोजले होते पार्ट. म्हणाले, तुम्ही याल म्हणून पहिलं वर्षभर रोज वाट बघितली. मग विसरून गेलो."

"मग काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार? उन्हातनं चालत गेले होते. पाणी मागितलं," काकू म्हणाल्या. "त्यांनी आत जाऊन आणून दिलं. गार होतं म्हणे."